त्वचा-सौंदर्य क्लिनिकमधली सुरक्षितता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेझर, पील (आम्लाने त्वचेचा वरचा थर काढणे), मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणे), फिलर (त्वचेखाली भराव घालणारे इंजेक्शन), बोट्युलिनम (सुरकुत्यांसाठी स्नायू सैल करणारे इंजेक्शन) अशा उपचारांच्या खोलीत काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी, थेरपिस्टसाठी आणि मदतनीसांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. उपचार घ्यायला जाणाऱ्यांनीही ती वाचावीत, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी खुर्चीत बसल्या जागेवरून दिसतात. इथले आकडे सर्वसाधारण वापरातले आहेत. यंत्राच्या किंवा औषधाच्या माहितीपत्रकात वेगळे सांगितले असेल तर ते धरून चालावे.

सौंदर्योपचार म्हणजे काही ऑपरेशन नाही. मग इतकी काळजी कशासाठी?

सुईने, ब्लेडने किंवा लेझरने त्वचा भेदली की जंतूंच्या हिशेबी ते ऑपरेशनच असते. पेशंट चालत आला, अर्ध्या तासात चालत गेला, म्हणून रक्तातून पसरणारे आजार सवलत देत नाहीत. २०१८ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या एका विनापरवाना स्पाची चौकशी झाली. तिथे ‘व्हॅम्पायर फेशियल’ केले जात होते, म्हणजे पेशंटच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग मायक्रोनीडलिंगने चेहऱ्यात उतरवण्याचा उपचार. तो घेतलेल्या महिलांना एचआयव्हीची लागण झाली होती. चौकशीत सापडलेल्या गोष्टी नीट वाचा: रक्ताच्या नळ्यांवर नावे नव्हती, काही नळ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणि काही खाण्याच्या पदार्थांसोबत फ्रिजमध्ये होत्या, वेष्टन काढलेल्या सिरिंज ड्रॉवरमध्ये आणि साध्या कचऱ्याच्या डब्यात होत्या, ऑटोक्लेव्ह (वाफेने हत्यारे निर्जंतुक करणारे यंत्र) नव्हताच. यातली एकही चूक महागड्या यंत्राची नाही. लेबल, डबा, फ्रिज, सुई एवढ्याचाच हा सगळा मामला आहे.

ग्लोव्हज घातल्यावर हात धुवायची गरज उरते का?

उरते, घालण्याआधीही आणि काढल्यावरही. ग्लोव्हजना डोळ्याला न दिसणारी छिद्रे असू शकतात, आणि काढताना मनगटाला हमखास काहीतरी लागते. हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोल रब २० ते ३० सेकंद चोळावा. रक्त, जेल, क्रीम असे काही लागलेले असेल तर साबण आणि पाणीच हवे, ४० ते ६० सेकंद. अंगठा, बोटांची टोके आणि बोटांमधल्या फटी हमखास राहून जातात.

प्रत्यक्षात मोठी गडबड हात धुण्यात कमी आणि ग्लोव्हज घातलेल्या हाताने दुसरीकडे शिवण्यात जास्त होते. चेहऱ्यावर सुई चालू असते, मधेच लेझरची स्क्रीन दाबली, दिवा सरकवला, फोटोसाठी मोबाइल उचलला आणि तोच हात परत चेहऱ्यावर आला. यावर साधा उपाय आहे. स्क्रीनला आणि दिव्याच्या मुठीला पातळ प्लॅस्टिकचे आवरण लावा, दर पेशंटला ते बदला, आणि फोटो काढायला दुसरी व्यक्ती ठेवा. ग्लोव्हज नायट्राइलचे घ्यावेत. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी पेशंटला असते तशी कर्मचाऱ्यांनाही असते.

पुसणे, जंतुनाशक लावणे आणि निर्जंतुक करणे यांत नेमका फरक काय?

पुसण्याने मळ जातो. जंतुनाशकाने बहुतेक जंतू मरतात, पण बीजाणू (जिवाणूंची चिवट, सुप्त रूपे) टिकून राहतात. निर्जंतुकीकरणात काहीच जिवंत उरत नाही. धड शाबूत त्वचेला टेकणारी वस्तू (खुर्ची, लेझरच्या हँडपीसचे म्हणजे हातात धरायच्या भागाचे टोक) स्वच्छ करून जंतुनाशकाने पुसली तरी चालते. त्वचेत शिरणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुकच हवी: कोमेडोन एक्स्ट्रॅक्टर (ब्लॅकहेड काढायचे हत्यार), क्युरेट (खरवडायचे हत्यार), चिमटे, ब्लेडचे हँडल. सुया, ब्लेड, मायक्रोनीडलिंग कार्ट्रिज (सुया बसवलेले बदलायचे टोक) आणि कॅन्युला (बोथट टोकाच्या पोकळ सुया) एकदा वापरून टाकायच्या, त्या निर्जंतुक करून पुन्हा वापरायचा विचारही नको.

क्रम उलटा केला तर सगळे फुकट जाते. मळावर जंतुनाशक ओतले तर ते मळातच खर्ची पडते.

ऑटोक्लेव्ह आहे, टेपवर काळ्या रेषाही उमटतात. मग सगळे ठीक ना?

पाऊचवर, म्हणजे हत्यार ठेवायच्या कागदी पिशवीवर, चिकटवलेल्या टेपच्या रेषा एवढेच सांगतात की पाऊच गरम वाफेजवळून गेले. आतले हत्यार पुरेशा तापमानाला पुरेसा वेळ राहिले की नाही, हे त्या सांगत नाहीत. क्लिनिकमध्ये सर्वाधिक गैरसमज याच एका बाबतीत दिसतो, म्हणून जरा सविस्तर.

निर्जंतुकीकरणाची सुरुवात सिंकपाशी होते. वापरलेले हत्यार लगेच गार किंवा कोमट पाण्यात घालावे. कडकडीत पाणी ओतले तर रक्तातली प्रथिने घट्ट होऊन धातूला चिकटतात आणि मग ब्रशनेही निघत नाहीत. नंतर एन्झाइम असलेल्या डिटर्जंटमध्ये, बाटलीवर लिहिलेला वेळ भिजवावे, बिजागरी उघडी ठेवून पाण्याखालीच ब्रशने घासावे (पाण्याबाहेर घासले तर थेंब तोंडावर उडतात), स्वच्छ पाण्याने धुवावे, कोरडे करावे आणि उजेडात भिंगाखाली बघावे. दात असलेल्या चिमट्याच्या खाचेत आणि एक्स्ट्रॅक्टरच्या वळशात तपकिरी कण दिसले तर परत सिंकमध्ये.

मग पाऊच. बिजागरीचे हत्यार उघडेच ठेवावे, पाऊच ठासून भरू नये. ऑटोक्लेव्हमध्ये पाऊच एकावर एक रचण्याऐवजी कडेवर उभी ठेवावीत, कारण वाफ कागदी बाजूने आत जाते आणि तीच बाजू दबली तर आत काही पोचत नाही. वाफेचे ठरलेले मान असे: १२१ अंश सेल्सियसला किमान १५ मिनिटे किंवा १३४ अंशांना किमान ३ मिनिटे. व्हॅक्यूम नसलेल्या साध्या यंत्रात पाऊचमधल्या साहित्याला १२१ अंशांना ३० मिनिटे द्यावी लागतात. हा वेळ तापमान गाठल्यापासून मोजायचा, बटण दाबल्यापासून नव्हे. पोकळ हत्यारांमधली हवा साध्या यंत्रातून निघत नाही. त्यासाठी व्हॅक्यूमचे यंत्रच लागते.

बाहेर काढलेले पाऊच ओले असेल तर ते निर्जंतुक धरू नये. ओल्या कागदातून जंतू आत झिरपतात. त्यामुळे ड्राय सायकल अर्धवट सोडून दार उघडण्याची घाई करू नये. टाकीत डिस्टिल्ड पाणी घालावे, नळाच्या पाण्याने क्षार साठतात आणि व्हॉल्व्ह अडकतो.

तपासणीचे तीन थर असतात. यंत्राचा दाब-तापमानाचा प्रिंट दर फेरीला. पाऊचच्या आत रासायनिक इंडिकेटर (रंग बदलणारी पट्टी), तोही दर फेरीला. आणि ठरावीक अंतराने, बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा, जैविक इंडिकेटर: त्यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जिवाणूचे चिवट बीजाणू असतात, आणि ते मेले तरच यंत्र काम करते आहे असे मानायचे. व्हॅक्यूमच्या यंत्राला सकाळी पहिल्या फेरीआधी बोवी-डिक चाचणी करावी, म्हणजे वाफ पोचली की रंग बदलणारा कागद आत ठेवून बघावा. त्या कागदाचा मधला भाग फिका राहिला तर हवा नीट निघत नाही असे समजावे.

यूव्ही पेटी किंवा काचेच्या मण्यांचा स्टरिलायझर चालेल का?

निर्जंतुकीकरणासाठी दोन्ही चालत नाहीत. अतिनील किरण जिथे थेट पडतात तिथेच काम करतात. चिमट्याची खालची बाजू, खाच, सावली यांतले जंतू तसेच राहतात. आधीच निर्जंतुक केलेले, पाऊचमधले साहित्य ठेवायला कपाट म्हणून ती पेटी वापरायची असेल तर वापरा. मण्यांच्या यंत्रात फक्त टोक तापते, तेही सारखे नाही.

हायपोक्लोराइटचे (ब्लीचचे) द्रावण किती तीव्र करायचे?

आधी बाटलीवरची टक्केवारी बघा. ५ टक्क्यांच्या द्रावणाचा १ भाग आणि पाण्याचे ९ भाग घेतले की ०.५ टक्के होते. रक्त सांडले तर हे वापरा. १ भागाला ४९ भाग पाणी घेतले की ०.१ टक्के होते, ते रोजच्या पृष्ठभागांसाठी. रक्त सांडल्यावर आधी ग्लोव्हज घाला, रक्तावर टिपकागद टाका, कागदावर द्रावण ओता, १० मिनिटे थांबा, मग उचला. थेट पुसायला गेलात तर रक्त फक्त पसरते.

द्रावण रोज ताजे करा. उजेडात आणि उष्णतेत त्यातला क्लोरिन उडून जातो, आणि आठवड्यापूर्वीच्या बाटलीला वास येत असला तरी जोर उरलेला नसतो. ते धातूला गंजवते, म्हणून हत्यारे त्यात बुडवू नयेत. आणि ते आम्लाशी किंवा अमोनियाशी कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. पीलची आम्ले असलेल्या खोलीत ही गोष्ट कपाटावरच लिहून लावावी.

अल्कोहोल ७० टक्क्यांचेच घ्यावे. शुद्ध अल्कोहोलपेक्षा ते जास्त परिणामकारक असते, कारण प्रथिने गोठायला पाणी लागते. कुठलेही जंतुनाशक असो, बाटलीवर दिलेल्या वेळेपर्यंत पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. लावले आणि लगेच कोरड्या कपड्याने पुसले तर त्याला काम करायला वेळच मिळत नाही.

मायक्रोनीडलिंगची कार्ट्रिज त्याच पेशंटसाठी जपून ठेवली तर?

नाही. वापरलेल्या सुयांची टोके वाकतात, पुढच्या वेळी ती टोचण्याऐवजी फाडतात, आणि सुयांमध्ये अडकलेले रक्त धुऊन निघत नाही. बरणीवर पेशंटचे नाव लिहून ठेवलेले डर्मारोलर (सुया बसवलेले रोलर) याच कारणासाठी धोक्याचे. नावे बदलण्याचा धोका वेगळाच.

एक बारकावा बरेचदा सुटतो. कार्ट्रिज नवी असली तरी सुया मागे येताना रक्त आणि सीरम हँडपीसच्या आत ओढले जाऊ शकते, आणि तिथून ते पुढच्या पेशंटच्या नव्या कार्ट्रिजमध्ये उतरते. म्हणून मागे पडदा असलेली कार्ट्रिज घ्या, हँडपीसवर आणि वायरीवर एकवेळचे आवरण चढवा, आणि कार्ट्रिज काढल्यावर जोडाच्या खाचेत डोकावून बघा. तिथे ओलसरपणा दिसला तर तो हँडपीस निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे साफ होईपर्यंत बाजूला ठेवा.

सुया चालू असताना त्वचेवर जे लावाल ते आत उतरते. सौंदर्यप्रसाधनाचे सीरम वरून लावायला बनवलेले असते. त्यातले सुगंध, प्रिझर्व्हेटिव्ह आणि व्हिटॅमिन सी त्वचेच्या आत गेल्यावर ग्रॅन्युलोमा (सुजेच्या गाठी) झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. घसरण्यासाठी निर्जंतुक सलाइन किंवा निर्जंतुक हायल्युरोनिक अ‍ॅसिड पुरते.

कर्मचाऱ्याला सुई टोचली तर पहिल्या तासात काय करायचे?

जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, चोखू नका, ब्लीच ओतू नका. डोळ्यात किंवा तोंडात रक्त उडाले असेल तर भरपूर पाण्याने धुवा. मग लगेच वरिष्ठांना सांगा आणि तासाभरात डॉक्टरांकडे जा. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितक्या उपयोगी, ७२ तासांनंतर नाही, आणि त्या २८ दिवस घ्याव्या लागतात. ज्याची सुई लागली त्या पेशंटची संमती घेऊन त्याचीही रक्ततपासणी करावी.

एचआयव्हीची भीती सगळ्यांना असते, पण आकडे वेगळेच सांगतात. बाधित रक्ताची सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याचा धोका साधारण ०.३ टक्के असतो, आणि लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याचा धोका ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. हा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान ७ दिवस तग धरतो. त्याची लस आहे: ०, १ आणि ६ महिन्यांना तीन डोस, आणि शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची तपासणी. पातळी १० mIU/ml किंवा त्याहून जास्त आली की संरक्षण मिळाले. सफाईचे काम करणाऱ्या व्यक्तीलाही ही लस द्या, कारण कचऱ्याच्या पिशवीतली सुई तिलाच आधी टोचते.

टोचण्याची बरीच प्रकरणे सुईला पुन्हा टोपण लावताना होतात. टोपण लावू नका. शार्प्स बॉक्स (वापरलेल्या सुया टाकायचा डबा) हाताच्या अंतरावर ठेवा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नव्हे, आणि तो तीन चतुर्थांश भरला की बंद करा.

एक वायल दोन पेशंटना वापरता येते का?

सिंगल डोस लिहिलेली वायल (औषधाची छोटी बाटली) नाही. मल्टिडोस वायल वापरता येते, पण प्रत्येक वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज, दोन्ही. फक्त सुई बदलून सिरिंज तीच ठेवली तर सिरिंजमध्ये मागे आलेले रक्त वायलमध्ये जाते. रबरी बूच ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्या, उघडल्याची तारीख लिहा, आणि २८ दिवसांनी उरलेले टाकून द्या, निर्मात्याने कमी मुदत दिली असेल तर त्याआधी. वायल पेशंटच्या खुर्चीजवळच्या ट्रेमध्ये नेऊ नका, औषध वेगळ्या टेबलावर भरा.

बोट्युलिनम न वापरलेले असताना ब्रँडच्या सूचनेप्रमाणे, बहुतेकदा २ ते ८ अंशांना, ठेवतात. सलाइन घालून तयार केल्यावर वायलवर किती मिली सलाइन घातले, तारीख आणि वेळ लिहिलेच पाहिजे. १०० युनिटच्या वायलमध्ये २.५ मिली घातले तर ०.१ मिलीत ४ युनिट येतात, १ मिली घातले तर १० युनिट. लेबल नसलेली वायल दुसऱ्याने उचलली की डोस अडीचपट चुकतो. एका ब्रँडचे युनिट दुसऱ्या ब्रँडच्या युनिटएवढे नसते, हेही तिथेच लिहून ठेवा.

लेझरच्या वेळी कुठलाही गडद गॉगल चालतो का?

गडद रंगाचा आणि संरक्षणाचा काही संबंध नाही. गॉगलच्या काचेवर किंवा फ्रेमवर तरंगलांबी आणि ओडी (काच प्रकाश किती अडवते) हा आकडा छापलेला असतो. यंत्राची तरंगलांबी त्या पट्ट्यात बसली पाहिजे: अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटर, डायोड सहसा ८०८ किंवा ८१०, एनडी याग १०६४ किंवा ५३२, कार्बन डायऑक्साइड १०६००. ओडी ५ म्हणजे लाखातला एक हिस्सा प्रकाश आत येतो. ७५५ चा गॉगल घालून १०६४ चे यंत्र चालवले तर गॉगल घातला काय न घातला काय. एकाच यंत्रात दोन तरंगलांब्या असतील तर दोन्ही झाकणारा गॉगल हवा.

१०६४ चा किरण सगळ्यात फसवा. तो दिसत नाही, डोळा मिटत नाही, दृष्टिपटलाला दुखत नाही, आणि इजा झाल्याचे नंतर नजरेत काळा ठिपका आल्यावर कळते.

पापणी मिटणे म्हणजे संरक्षण नव्हे. केस काढण्याच्या लेझरचा किरण पापणीतून पार जाऊ शकतो, आणि डोळे मिटले की बुबुळ वरच्या बाजूला सरकते, म्हणजे भुवईच्याच जवळ येते. भुवईखाली लेझर मारल्याने बाहुलीला कायमची इजा झाल्याची प्रकरणे आहेत. डोळ्याच्या हाडाच्या कडेच्या आत काम करायचे असेल तर बधिर करणारे थेंब टाकून बुबुळावर धातूचे शील्डच बसवायचे, आणि ते बसवायला शिकलेला डॉक्टरच हवा.

खोलीतले आरसे झाका, दारावर चेतावणीचा दिवा ठेवा, जास्तीचा गॉगल दाराबाहेर टांगा. काम संपले की किल्ली काढून घ्या. पेशंट बदलताना यंत्र स्टँडबायला टाका. पायाखालचे पेडल चुकून दाबले जाणे ही रोजची शक्यता आहे.

लेझरच्या धुराचा त्रास होतो का?

होतो. जळालेल्या केसांचा वास नुसता नकोसा नसतो. त्या धुरात बारीक कण आणि बेंझीनसारखी रसायने असतात, आणि चामखीळ लेझरने जाळताना धुरात एचपीव्हीचा (चामखीळ करणाऱ्या विषाणूचा) डीएनए सापडलेला आहे. धूर ओढणाऱ्या यंत्राची नळी कामाच्या जागेपासून ५ सेंटिमीटरच्या आत धरावी. हात दमला म्हणून ती दूर गेली की बराचसा धूर निसटतो. साधा सर्जिकल मास्क या कणांना अडवत नाही, एन९५ लागतो, तोही नाकाच्या पट्टीपाशी नीट बसलेला.

क्लिनिकमध्ये आग कशी लागते?

अल्कोहोलने पुसलेली त्वचा वाळण्याआधी लेझर, कॉटरी (विजेने जाळणारे हत्यार) किंवा आरएफ (रेडिओ लहरींनी त्वचा तापवणारे यंत्र) चालवल्याने. केसाळ भागात आणि चादरीच्या घडीत अल्कोहोल साचून राहते आणि वरून कोरडे वाटते. लेझरच्या जागेभोवती ओला गॉज ठेवा, सलाइनचे भांडे हाताशी ठेवा. हेअरस्प्रे, परफ्यूम आणि मेकअप पूर्ण काढलेला असावा. पेशंटला ऑक्सिजन चालू असेल तर चेहऱ्यावर लेझर नको.

लेझरने भाजते तेव्हा चूक सहसा कुठे झालेली असते?

कारणे ठरलेली आहेत. त्वचा नुकतीच उन्हात काळवंडलेली असते आणि जुन्याच नोंदीवरून सेटिंग ठेवले जाते. हँडपीसच्या काचेवर जळालेल्या केसांचे काळे कण चिकटतात, ते तापतात आणि चटका देतात. थंडाव्याची यंत्रणा बंद पडलेली कुणाच्या लक्षात येत नाही. ठोके एकमेकांवर चढतात. टॅटू किंवा तीळ झाकायचा राहतो. केस दाढीसारखे न काढता तसेच ठेवले जातात आणि वरचा केस त्वचेवरच जळतो.

गडद त्वचेला लांब तरंगलांबी, जास्त रुंद पल्स, कमी ऊर्जा आणि भरपूर थंडावा हवा. टेस्ट पॅच (छोट्या जागेवर चाचणी) करून किमान ४८ तास थांबा. गडद त्वचेवर जास्त थांबा, कारण फोड लगेच दिसतो पण काळा डाग यायला आठवडे लागतात. ठोका मारल्यावर केसांच्या मुळाशी लालसर सूज आली तर सेटिंग बरोबर. त्वचा राखाडी किंवा पांढरी झाली, किंवा पेशंट ‘आता खूपच जळतंय’ म्हणाला, तर हात उचला. वाहत्या गार पाण्याने किंवा गार ओल्या कापडाने २० मिनिटे थंडावा द्या, बर्फ थेट लावू नका. पेशंटला ‘थोडं सहन करा’ म्हणणे ही आमच्या मते लेझरच्या खोलीतली सर्वांत वाईट सवय आहे. त्याचे ओरडणे हा तुमच्याकडचा एकमेव वेळेवर मिळणारा इशारा असतो.

मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांबद्दल: पूर्वी सगळ्याच उपचारांआधी सहा महिने थांबायला सांगत. २०१७ पासूनच्या तज्ज्ञांच्या शिफारशींत वरवरचे पील आणि केसांचे लेझर यांसाठी ही अट सैल झाली, पण यांत्रिक डर्माब्रेझन (त्वचा घासून काढणे) आणि वरचा थर जाळून काढणारे पूर्ण अ‍ॅब्लेटिव्ह लेझरसाठी थांबणेच योग्य मानतात.

केमिकल पील करताना काय हाताशी हवे, आणि गडबड कुठे होते?

आम्ल ओतण्याआधी खुर्चीजवळ इतके मांडलेले असावे: सलाइनने भरलेली मोठी सिरिंज किंवा डोळे धुण्याची बाटली, न्यूट्रलायझर (आम्ल निष्प्रभ करणारे द्रावण), कोरडे कापसाचे बोळे, पंखा, टायमर. डोळ्यांचे, नाकपुड्यांचे आणि ओठांचे कोपरे पेट्रोलियम जेलीने झाका.

सर्व आम्ले एकाच पद्धतीने थांबत नाहीत, आणि खरी गडबड इथेच होते. ग्लायकोलिक वेळेवर सोडियम बायकार्बोनेटने थांबवावे लागते. टायमर पहिल्या ब्रशपासून चालू करा, आणि ज्या क्रमाने लावले त्याच क्रमाने थांबवा, नाहीतर कपाळाला एक मिनिट आणि हनुवटीला दोन असे होते. ग्लायकोलिकमध्ये पांढरटपणा दिसला तर ते जास्त खोल गेले, वेळ उरला असला तरी ताबडतोब थांबवा. सॅलिसिलिकमध्ये दिसणारा पांढरा थर नुसता स्फटिकांचा असतो, तो पुसला जातो. टीसीएचा (ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लाचा) पांढरेपणा म्हणजे प्रथिने गोठलेली असतात. ते न्यूट्रलाइज होत नाही, त्यामुळे किती थर द्यायचे हे आधीच ठरवा आणि दोन थरांमध्ये तीन-चार मिनिटे थांबून पांढरेपणा पुरता येऊ द्या. थांबले नाही की पहिला थर कमी पडला असे वाटून दुसरा चढवला जातो, आणि डाग पडायची सुरुवात तिथून होते.

फक्त टक्केवारी बघू नका. ७० टक्के ग्लायकोलिकचा पीएच १ च्या खाली असेल आणि दुसऱ्या बाटलीचा ३ असेल तर ती दोन वेगळी औषधे समजा. बाटली बदलली की टेस्ट पॅच नव्याने.

पेशंटच्या डोळ्यांत पाणी येते. तो थेंब गालावरून मानेपर्यंत ओघळतो आणि वाटेतले आम्ल घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी मानेवर बारीक लाल रेघ दिसते ती यामुळेच. मदतनिसाने सतत डोळ्यांच्या कडा टिपत राहावे. आम्लाची वाटी चेहऱ्यावरून कधीही पलीकडे देऊ नका, बाजूने फिरवून द्या. डोळ्यात गेलेच तर १५ मिनिटे धुवा, डोळ्यात बायकार्बोनेट घालू नका, आणि नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा.

खोल पीलसाठी वापरले जाणारे फिनॉल हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते. मॉनिटर आणि भूलतज्ज्ञ नसलेल्या खोलीत ते नकोच. ओठांवर वारंवार नागीण उठत असेल तर मध्यम किंवा खोल पीलच्या आधी डॉक्टर विषाणूविरोधी गोळी सुरू करतात, त्यामुळे हा प्रश्न फॉर्मवर हवाच.

बधिर करणारे क्रीम तर बाहेरूनच लावतात. त्याने काय होणार?

त्यातले लिडोकेन हे बधिर करणारे औषध त्वचेतून रक्तात जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये इशारा दिला, कारण दोन तरुणींनी लेझरआधी पायांना तीव्र क्रीम लावून वर प्लॅस्टिक गुंडाळले होते आणि दोघींचा मृत्यू झाला. मोठा भाग, जास्त टक्केवारी, वरून गुंडाळलेले प्लॅस्टिक, उष्णता, सोललेली त्वचा: यातले जितके घटक एकत्र येतील तितके शोषण वाढते. पेशंटला घरी लावून यायला सांगत असाल तर ग्रॅम, भाग आणि वेळ लिहून द्या.

इंजेक्शनने देताना हिशेब कागदावर करा. साध्या लिडोकेनची मर्यादा दर किलोला ४.५ मिलिग्रॅम. ५० किलोच्या व्यक्तीला २२५ मिलिग्रॅम होतात. २ टक्के म्हणजे १ मिलीत २० मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम ११ मिली. आधी लावलेले क्रीमही यात धरा. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात आवाज, अस्पष्ट बोलणे ही पहिली लक्षणे, नंतर झटके येतात. अशा वेळी औषध थांबवणे, ऑक्सिजन, अ‍ॅम्ब्युलन्स आणि २० टक्के लिपिड इमल्शन (शिरेतून द्यायचे स्निग्ध द्रावण), तेही ते देता येणाऱ्या डॉक्टरच्या हातून.

फिलर देताना त्वचा पांढरी पडली तर?

सुई थांबवा, इंजेक्शन देणे तिथेच बंद करा. पांढरेपणा, प्रमाणाबाहेर दुखणे, नंतर जाळीदार निळसर रंग, आणि दाबून सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ: फिलरने रक्तवाहिनी बंद केल्याची ही लक्षणे आहेत. भूल दिलेली असेल तर दुखणे कळत नाही, म्हणून दाबून रंग बघण्याची सवय प्रत्येक इंजेक्शननंतर हवी.

हायल्युरोनिक अ‍ॅसिडचे फिलर असेल तर ते विरघळवणारे हायल्युरोनिडेझ भरपूर आणि लगेच: एका छोट्या भागाला साधारण ५०० युनिट, भाग मोठा असेल तर दुप्पट-तिप्पट, रंग परत येईपर्यंत दर तासाला. जोडीला मालीश आणि गरम शेक. एकच वायल कपाटात असणे म्हणजे काही तयारी नव्हे. दुसऱ्या प्रकारचे फिलर, जसे कॅल्शियम हायड्रॉक्सिलॅपेटाइट किंवा पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड हायल्युरोनिडेझने विरघळत नाही, हे पेशंटला आधीच सांगितले पाहिजे.

नजर गेली, दुहेरी दिसू लागले किंवा डोळा जोरात दुखला तर हातात तास-दीड तासच असतो. नेत्रविभाग असलेल्या रुग्णालयाचा नंबर भिंतीवर असावा आणि पेशंटसोबत लिहिलेली चिठ्ठी जावी. सर्वाधिक धोका कपाळाचा मधला भाग आणि नाक इथे असतो.

फिलरआधी चेहरा पुसायला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक वापरत असाल तर डोळ्यांपासून दूर ठेवा, बुबुळाला गंभीर इजा होते.

पेशंट खुर्चीत कोसळला. चक्कर आहे की अ‍ॅलर्जी?

नाडी धरा. सुईच्या भीतीने आलेल्या चक्करेत नाडी मंद असते, चेहरा पांढरा, घाम आलेला, आणि आडवे करून पाय वर घेतले की एक-दोन मिनिटांत माणूस बोलू लागतो. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये (अ‍ॅलर्जीचा जिवावर बेतणारा झटका) नाडी जलद असते, अंगावर गांधी, ओठ-जिभेला सूज, घोगरा आवाज, धाप, उलटी. गांधी नसतील तरी अ‍ॅनाफिलॅक्सिस असू शकतो.

शंका असली तरी अ‍ॅड्रिनॅलिन द्या: मोठ्यांना १:१००० चे ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या मधल्या स्नायूत. फरक नसेल तर ५ मिनिटांनी पुन्हा. अ‍ॅलर्जीची गोळी किंवा स्टेरॉइड आधी देऊन वाट बघण्यात जीव जातो. पेशंटला उभे करू नका, चालवत गाडीपर्यंत नेऊ नका. बरे वाटले तरी रुग्णालयात काही तास देखरेख हवीच, लक्षणे उलटू शकतात.

अ‍ॅड्रिनॅलिन, सिरिंज आणि सुई एकाच पिशवीत, पिशवीवर डोस ठळक अक्षरात. कुलूपबंद कपाटात नको. दर महिन्याला मुदत तपासा, आणि ऑक्सिजन सिलिंडरचा व्हॉल्व्ह प्रत्यक्ष उघडून बघा.

पेशंट म्हणून मी काय बघू?

सुई आणि कार्ट्रिजचे पाकीट तुमच्यासमोर फोडले का. वायलवरचे लेबल आणि बॅच नंबर मागितल्यावर दाखवले का. तुम्हाला गॉगल दिला का, आणि त्यावर आकडे आहेत का. उपचार करणाऱ्याने औषधे, अ‍ॅलर्जी, गरोदरपण आणि ओठांवरची नागीण यांबद्दल विचारले का. पेसमेकर आहे का हे आरएफच्या आधी विचारले का. काही बिघडले तर रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा, हे लिहून मिळाले का. यातले काही विचारल्यावर कुणी चिडले तर तिथून उठून या.

नोंदी किती तपशिलात ठेवायच्या?

इतक्या की दुसऱ्या डॉक्टरला फक्त फाइल वाचून उपचार पुढे नेता यावा. लेझर असेल तर तरंगलांबी, ऊर्जा, पल्सची रुंदी, स्पॉटचा आकार, एकूण ठोके आणि ठोक्यानंतर त्वचा कशी दिसली. पील असेल तर आम्ल, टक्केवारी, पीएच, थर, मिनिटे. इंजेक्शन असेल तर बॅच, मुदत, प्रत्येक बिंदूवरची मात्रा चेहऱ्याच्या आकृतीवर. हत्यारांच्या पाऊचवरच्या फेरीचा क्रमांकही पेशंटच्या फाइलमध्ये हवा. त्या आठवड्यातला जैविक इंडिकेटर नापास झाला, तर कोणाकोणाला फोन करायचा हे त्याच क्रमांकावरून कळते.